घर ग्राहक, मूल कारागीर

पालकसभेत वडील मुलाचे गुण विचारतात, वर्गशिक्षकांचा निरोप घेतात आणि दुकान गाठतात. विज्ञानाच्या तासाला मुलाने काय केले, हा प्रश्न क्वचितच निघतो. शाळेतील विज्ञान वहीतच राहते. घराला त्याचा उपयोग नसतो.

हा तुटलेला दुवा जोडण्याचा मोलाचा प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे झाला. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतील नोकरी सोडून १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम रचला. आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या विषयांतील प्रत्यक्ष कामाचा. शिकवायला गावातील कुशल माणसे.

या योजनेचे खरे मर्म मात्र हिशेबात आहे. मुले गावासाठी वायरिंग, वेल्डिंग, माती परीक्षण अशी कामे करतात. सामानाचा खर्च काम करून घेणारा देतो आणि मुले त्याचा ताळेबंद मांडतात. त्यामुळे गावकरी शाळेत येतो तो उपदेश ऐकण्यासाठी नव्हे, तर ग्राहक म्हणून. वेल्डिंग केलेला स्टँड डगमगला, तर तो परत येतो. मुलाला चूक शोधावीच लागते. अशी परीक्षा कोणतीही प्रश्नपत्रिका घेऊ शकत नाही.

शहापूर-मुरबाड भागात या पद्धतीला पाण्याइतका योग्य विषय दुसरा नाही. शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा हे जलाशय मुंबईची तहान भागवतात. त्याच परिसरातील पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. सरळ बाजूंची बाटली आणि मोजपट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक तयार होतो. ५० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०० लिटर पाणी होते. छत वडिलांसोबत मोजावे, दिवसाला किती हंडे लागतात ते आईला विचारावे. आईला अक्षरओळख नसेलही, पण कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? येथे तीच शिक्षिका ठरते.

पुढचे काम बाजारपेठेचे. पन्हाळ, पाइप, टाकी, नळ हे सारे व्यापाऱ्यांच्याच दुकानांतून जाते. शाळेला देणगी देऊन फलकावर नाव कोरण्याची परंपरा चांगलीच. परंतु हार्डवेअरच्या व्यापाऱ्याने आठवड्यातून एक तास शाळेत जाऊन पाइपचे माप, वायरची जाडी आणि मालाची पारख शिकवली, तर ते दान अधिक काळ टिकेल. त्या तासाला त्याने स्वतःच्या मुलालाही सोबत न्यावे. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला वस्तूचा भाव पाठ असतो. ती कशी जोडतात आणि कशामुळे बिघडते, हे हातानेच शिकावे लागते.

मग पहिल्या पावसात टाकी भरेल. खर्चाच्या पावतीवर मुलाची सही असेल आणि पुढच्या पालकसभेत वडिलांकडे विचारण्यासारखे काही असेल.