मासा नको, काठी आणा!

दोस्तांनो, गळ टाकून मासे पकडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. नदीकाठी, नाहीतर कोकणात खाडीच्या पुलावर ती तासन् तास बसलेली असतात. पण ज्या पाण्यात मासाच नाही, तिथे मुद्दाम जाऊन, दोरीला आकडा न लावता दिवसभर दोरी फेकणारी माणसं पाहिलीत का?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात गोल्डन गेट पार्क नावाची मोठी बाग आहे. तिथे सिमेंटचे तीन लांबरुंद हौद आहेत. आर्थिक मंदीच्या काळात बेकारांना काम मिळावं म्हणून सरकारने योजना काढली होती. त्या योजनेतून १९३८ साली हे हौद बांधले. पोहायला नव्हे, तर दोरी फेकायचा सराव करायला!

अशा हौदांवर किंवा हिरवळीवर बांबूच्या काठ्यांचे शौकीन जमतात. आपापल्या काठ्या आणतात आणि एकमेकांच्या काठ्या फेकून बघतात. बस्स, एवढाच कार्यक्रम! पण त्याची तयारी कशी करायची हे पाहायचं, तर आधी ही काठी समजून घ्यायला हवी.

माशाला फसवणारी माशी

आपल्याकडच्या गळाला शिशाचा तुकडा असतो. त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. पण ट्राउट नावाचा मासा पाण्यावरचे किडे खातो. त्याला फसवायला आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. ती इतकी हलकी असते, की फेकायला गेलात तर पायाशीच पडेल. विश्वास नसेल तर कोंबडीचं पीस फेकून बघा.

मग युक्ती काय? वजन माशीला नाही, दोरीलाच द्यायचं! ही दोरी जाड आणि जड असते. काठीने ती आधी मागे फेकायची. हवेत ती मागे सरळ होईपर्यंत थांबायचं. मग पुढे. दोरीच्या ओढीने काठी धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होताना दोरीला पुढे भिरकावते. दोरीपाठोपाठ माशी अलगद पाण्यावर उतरते.

नवशिक्या चुकतो तो त्या थांबण्यातच. त्याला घाई होते आणि दोरीचा गुंता होतो. बांबूची काठी तर आजच्या कार्बनच्या काठीपेक्षा संथ. तिच्या चालीने चालावं लागतं.

सहा पट्ट्यांची एक काठी

तुम्हाला वाटेल, बांबू तोडला की झाली काठी. छे! आपले बुरूड बांबू चिरतात, तसा आधी तो उभा चिरायचा. गाठी तापवून सरळ करायच्या. मग प्रत्येक पट्टी रंध्याने तासत तासत तिला त्रिकोणी आकार द्यायचा. त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. अशा सहा पट्ट्या चिकटवल्या की भूमिती काय सांगते? ६ गुणिले ६०, म्हणजे ३६०! मधे पोकळी न राहता षटकोनी काठी तयार.

बांबूचे सगळ्यात चिवट धागे सालीलगत असतात. म्हणून बाहेरची बाजू जवळजवळ तशीच ठेवायची आणि आतल्या दोन बाजू तासायच्या. माप चुकायचं किती? इंचाचा हजारावा भाग, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी! काठीचं टोक जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतं आणि तेवढ्यातही सहा पट्ट्या असतात. हाताने अशी एक काठी करायला चाळीस तास तरी सहज जातात.

अमेरिकेत या काठीचा मान सॅम्युअल फिलिप या कारागिराला देतात. तो पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा. बंदुका आणि व्हायोलिन बनवायचा. १८४०च्या दशकात त्याने चिरलेल्या बांबूच्या काठ्या केल्या. आणि गंमत ऐका, सुरुवातीच्या काठ्यांचा बांबू आपल्या भारतातून जायचा. तिकडे त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला जास्त चिवट बांबू मिळाला आणि कलकत्त्याचा मागे पडला.

बांबू थांबला, तेव्हा

१९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. बांबू येईना. तोवर फायबरग्लासच्या स्वस्त काठ्या निघाल्या होत्या. १९७०च्या दशकात कार्बनच्याही आल्या. बांबूच्या काठ्या करणारे कमी कमी होत गेले. कारागीर आपली मापं गुपित ठेवत. माणूस गेला की विद्याही जायची.

एव्हरेट गॅरिसन हे त्यांच्यातले एक नामवंत कारागीर. मूळचे इंजिनियर, म्हणून काठी कुठे किती वाकेल याचं त्यांनी गणितच मांडलं होतं. होगी कारमायकल या तरुणाने त्यांच्याजवळ बसून सगळं टिपून घेतलं. १९७५ मध्ये गॅरिसन वारले. पण १९७७ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. त्यात मापं होती, गणित होतं, सगळं होतं. ते वाचून कितीतरी जण घरच्या घरी रंधा चालवू लागले. टिपून घेणारा भेटला नसता तर?

चला, मेळावा आखूया!

आता समजा, असा मेळावा आपल्यालाच भरवायचा आहे. काय काय बघाल?

पहिली गोष्ट, जागा. दोरी पुढे जितकी जाते तितकीच मागेही जाते. म्हणजे पंधरा मीटर फेकायचं तर मागेही पंधरा मीटर मोकळं हवं. झाड नको, विजेच्या तारा तर मुळीच नकोत.

दुसरी, डोळे. आकडा लावायचा नाही. दोरीच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधायचा. तरीही चष्मा आणि टोपी हवीच, कारण दोरीचा फटकाही लागतो.

तिसरी, चिठ्ठ्या. टेबलावर मांडलेल्या प्रत्येक काठीजवळ तिची लांबी, करणाऱ्याचं नाव आणि दोरीचा नंबर लिहायचा. दोरी फार हलकी असेल तर काठी वाकतच नाही. फार जड असेल तर बिचारी दमून जाते.

चौथी, शिस्त. विचारल्याशिवाय काठीला हात लावायचा नाही. मोटारीला टेकवून ठेवायची नाही, कारण दार लागलं की टोक गेलंच. भिजली तर पुसून, वाळवून मगच नळीत ठेवायची.

आणि आता खरा अवघड प्रश्न. कुणाकडे आजोबांची काठी आहे. टोक मोडलं तर तसंच दुसरं मिळणार नाही. ती अनोळखी मुलाच्या हातात द्यायची का?

तुम्ही काय कराल? आपल्या नव्या पेनाला तर आपण भावालाही हात लावू देत नाही!

कपाटात ठेवली तर काठी सुरक्षित राहील, हे खरं. पण ती कशी वाकते, कुठे थांबायला लावते, हे काचेतून कळत नाही. पुस्तकातली मापंही ते पुरतं सांगू शकत नाहीत. ते हाताला कळावं लागतं. म्हणून मेळाव्यात काठीचा मालक शेजारी उभा राहतो, "घाई करू नकोस, थांब... आता!" असं सांगतो आणि काठी देतो. मोडायची भीती त्यालाही असतेच. पण कोणी फेकूनच पाहिली नाही, तर उद्या रंधा हातात कोण घेणार?

घरी करून बघा

मीटरभर लांबीची लवचिक काठी घ्या. टोकाला दोन मीटर जाड लोकर बांधा. मोकळ्या मैदानात, आजूबाजूला कोणी नाही हे बघून उभे राहा. काठी मागे न्या आणि कानाजवळ झटकन थांबवा. मनात 'एक' म्हणा. मग पुढे न्या आणि पुन्हा थांबवा. लोकर पुढे सरळ झाली तर जमलं! गुंडाळी झाली तर थांबायला विसरलात.

जमलं की आईबाबांनाही बोलवा. आणि हो, काठी त्यांच्या हातात द्या. "थांब... आता!" म्हणायचं काम मात्र तुमचं.