वाफेची आगगाडी : हौस, श्रमदान व शालेय अभ्यास

आटपाडी तालुक्यातून लोहमार्ग गेलेला नाही. तथापि पूर्वेस व दक्षिणेस थोड्या अंतरावर सांगोला, जत रोड, ढालगाव ही स्थानके आहेत, आणि त्यांच्याशी या भागाचा संबंध जुना आहे. आज तेथून रुंदमापी गाड्या धावतात. याच वाटेने पूर्वी एक लहानशी अरुंदमापी गाडी जात असे, हे पाचवीत बसणाऱ्या विद्यार्थ्यास ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण त्याचा जन्मच ती गाडी बंद पडल्यानंतरचा आहे. ज्यांनी तिच्या इंजिनात कोळसा टाकला, रूळ तपासले, सांधे बदलले, ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्याबरोबर एका संपूर्ण विद्येचा लोप होऊ नये, यासाठी जगातील काही देशांत सामान्य नागरिकांनी कोणते प्रयत्न केले आणि आपल्या शाळांना त्यातून काय घेता येईल, याचा विचार येथे केला आहे.

१. बारशी लाइट रेल्वे

या मार्गाचे मूळ बार्शीच्या व्यापारात आहे. बार्शी ही कापसाची व धान्याची मोठी पेठ होती, पण मुंबईकडून येणारा मुख्य लोहमार्ग तिला टाळून पुढे गेला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने हा प्रश्न हाती घेतला. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. त्यानंतर १९०६ साली गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ साली लातूरला व १९२७ साली मिरजेला. अशा रीतीने सुमारे ३२५ किलोमीटर लांबीचा मार्ग तयार झाला. १ जानेवारी १९५४ रोजी तो शासनाच्या मालकीचा झाला.

कॅलथ्रॉपच्या योजनेतील मर्म विद्यार्थ्यांना बैलगाडीच्या उदाहरणाने सहज समजेल. भरलेल्या गाडीची चाके मऊ जमिनीत रुततात, कारण सर्व भार दोनच चाकांवर असतो. तोच भार अधिक चाकांवर वाटला तर जमीन तो सहन करते. कॅलथ्रॉपने असा नियम ठरविला की, इंजिन असो वा वाघीण असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. त्यामुळे हलके व स्वस्त रूळ पुरेसे झाले. मुख्य मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते, ते येथे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट, ठेवण्यात आले. इंग्लंडमधील लीड्स येथील किटसन कारखान्याने या मार्गासाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालक चाके व मागे भार पेलणारी आणखी चार चाके होती. लहान गाडीने मोठा माल वाहावा, यासाठी केलेली ही रचना होती.

मालाइतकेच महत्त्व वारकऱ्यांना होते. आषाढी-कार्तिकीस पंढरीकडे जाणारी गर्दी डब्यांत मावत नसे. मालाच्या वाघिणीही माणसांनी भरून जात. पुढे वाफेची जागा डिझेलने घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने मार्ग रुंद करण्यात आला आणि २०१०-११ च्या सुमारास मिरज-पंढरपूर भागातूनही अरुंद रूळ नाहीसे झाले. प्रवाशांची व मालाची सोय त्यामुळे पुष्कळ वाढली, यात शंका नाही. पण सोय वाढली म्हणून जुन्या विद्येची नोंद ठेवण्याचे कर्तव्य संपत नाही.

२. वाफेचे इंजिन कसे चालते

ग्रामीण घरांतील तांब्याचा बंब हे वाफेचे इंजिन समजावून देण्याचे उत्तम साधन आहे. बंबाच्या मध्यभागी नळी असते, तिच्यात जाळ असतो व भोवती पाणी असते. इंजिनाच्या बॉयलरमध्ये हीच रचना मोठ्या प्रमाणावर केलेली असते. मागील बाजूस भट्टी, तिच्यापासून पुढे धुराड्यापर्यंत जाणाऱ्या अनेक नळ्या आणि त्या नळ्यांभोवती पाणी. भट्टीतील उष्ण वायू नळ्यांतून जाताना पाण्यास उष्णता देतात.

भेद एवढाच, पण तो फार मोठा आहे : बंब वरून मोकळा असतो, तर बॉयलर बंद असतो. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. ती जागा न मिळाल्यास दाब उत्पन्न होतो. हा दाब नळकांड्यातील दट्ट्यास एकदा पुढून व एकदा मागून ढकलतो, दट्ट्याचा दांडा चाके फिरवितो आणि काम संपलेली वाफ धुराड्यातून जोराने वर जाते. वर जाताना ती भट्टीतील वायू ओढून घेते व जाळ आपोआप फुलतो. ‘छुक् छुक्’ हा जो आवाज मुले तोंडाने काढतात, तो या बाहेर पडणाऱ्या वाफेचा होय. इंजिन जितके अधिक कष्ट करील तितकी ही फुंकर जोराची व जाळ तितका प्रखर, अशी ही स्वयंपूर्ण योजना आहे.

घरातील कुकरची झडप दाखवून सुरक्षा-झडपेचे कार्य सांगता येईल. मात्र बंद भांड्यात पाणी उकळण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांनी कदापि करू नये, हे शिक्षकांनी निक्षून सांगितले पाहिजे. बॉयलरमधील पाणी कमी होऊन भट्टीचे छत उघडे पडले तर धातू मऊ होऊन स्फोट होतो. म्हणून फायरमनची एक दृष्टी कोळशावर तर दुसरी पाण्याच्या काचनळीवर असावी लागते.

पाण्याचा आणखी एक दोष माणदेशातील गृहिणींच्या परिचयाचा आहे. क्षारयुक्त विहिरीचे पाणी तापविल्यास भांड्याच्या आत पांढरा थर बसतो. बॉयलरच्या नळ्यांवरही तसाच थर बसतो. उष्णता अडते, कोळसा वाया जातो, नळ्या निकामी होतात. त्यामुळे बॉयलर वारंवार धुवावा लागतो व ठरावीक काळाने नळ्या बदलाव्या लागतात. डिझेल इंजिन अल्पावधीत सुरू होते. वाफेच्या इंजिनास गाडी सुटण्यापूर्वी कित्येक तास आधी जाळ घालावा लागतो. इतके मनुष्यबळ खर्च होत असल्यामुळेच जगभर वाफेची इंजिने मागे पडली. चित्तरंजनच्या कारखान्यातील रुंदमापी वाफेच्या इंजिनांपैकी शेवटचे इंजिन १९७० साली बाहेर पडले. त्याचे नाव ‘अंतिम सितारा’ असे ठेवण्यात आले.

३. नागरिकांचे श्रमदान

वेल्स प्रांतात टॅलिथलिन नावाची एक चिमुकली रेल्वे १८६५ पासून डोंगरातील पाटीच्या दगडाची वाहतूक करीत असे. १९४६ मध्ये खाण बंद पडली आणि १९५० साली मार्गाच्या मालकाचे निधन झाले. मार्ग मोडीत निघणार हे उघड होते. त्या वेळी एल. टी. सी. रोल्ट नावाच्या लेखकाच्या पुढाकाराने बर्मिंगहॅम येथे सभा भरली. कोणताही मोबदला न घेता ही रेल्वे स्वतः चालवावी, असे जमलेल्या नागरिकांनी ठरविले. मार्गावर गवत इतके माजले होते की रूळ जागेवर राखण्याचे काम पुष्कळ अंशी तेच करीत होते. चालण्याजोगे इंजिन एकच उरले होते. शेजारच्या बंद पडलेल्या रेल्वेची दोन इंजिने पन्नास पौंडांस विकत घेण्यात आली. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी चालविलेली पहिली गाडी सुटली. अशा प्रकारे जतन झालेली ती जगातील पहिली रेल्वे मानली जाते. पुढील वर्षी तेथे गार्डाचे काम करणाऱ्यांत ऑड्री नावाचे एक धर्मोपदेशक होते. मुलांसाठी इंजिनांच्या गोष्टी लिहिणारे लेखक म्हणून ते प्रसिद्धीस आले होते. आज ब्रिटनमधील अशा रेल्वेंवर वीस हजारांहून अधिक स्वयंसेवक काम करतात. त्यांत कारकून, शिक्षक, वैद्य, निवृत्त कामगार व विद्यार्थी असे सर्व थरांतील लोक असतात.

या कार्यातील शिस्त शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. हौस आहे म्हणून कोणासही इंजिनावर चढू देत नाहीत. नवा स्वयंसेवक प्रथम चिंध्या घेऊन इंजिन पुसतो, राख काढतो. पुसता पुसता तो प्रत्येक भाग ओळखू लागतो, भेग किंवा सैल झालेला नट त्याच्या नजरेस पडू लागतो. नंतर परीक्षा देऊन तो फायरमन होतो आणि आणखी कित्येक वर्षांनी ड्रायव्हर. जुने जाणते कामगार त्यास हाताला धरून शिकवितात. ग्रंथात न उतरलेली विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याचा हाच मार्ग आहे.

असे भाग्य प्रत्येक रेल्वेच्या वाट्यास आले नाही. बार्शीच्या धर्तीवर कॅलथ्रॉपनेच इंग्लंडमध्ये १९०४ साली लीक व मॅनिफोल्ड खोऱ्याची रेल्वे उभारली होती. ती १९३४ साली बंद पडली तेव्हा तिच्यासाठी पुढे येणारे कोणी नव्हते. आज त्या मार्गावर पायवाट आहे.

भारतात लोहमार्ग शासनाचे असल्यामुळे जतनाचे कार्य मुख्यतः रेल्वे खात्याने केले आहे. १९७७ साली दिल्ली येथे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले. १८५५ साली बनलेले ‘फेअरी क्वीन’ इंजिन १९९७ साली पुन्हा गाडी ओढू लागले. दार्जिलिंगची डोंगरी रेल्वे १९९९ साली जागतिक वारशात समाविष्ट झाली. महाराष्ट्रात नेरळ-माथेरान मार्ग १९०७ पासूनचा आहे, आणि नागपूर येथे २००२ साली अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय स्थापन झाले. नागरिकांच्या बाजूने १९९९ साली इंडियन स्टीम रेल्वे सोसायटी ही संस्था निघाली. पुण्यात भाऊ जोशी यांच्या हौसेतून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून मुलांना पाहावयास मिळाले. एका व्यक्तीची निष्ठा काय करू शकते, याचे हे मराठी उदाहरण होय.

४. शाळेत काय करता येईल

जुने इंजिन चालविण्यावर एवढे श्रम का खर्चावेत, असा प्रश्न माणदेशासारख्या अवर्षणग्रस्त भागात विचारला जाईल, आणि तो योग्यच आहे. पाण्यासाठी बांध घालणाऱ्या गावाने रेल्वेकरिता कुदळ उचलावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु स्मृती जतन करण्यास पैसा लागत नाही. वेळेवर जाग येणे तेवढे लागते. त्या दृष्टीने पुढील उपक्रम सुचविले आहेत.

(अ) गावातील ज्येष्ठांना विद्यार्थ्यांनी भेटावे. छोट्या गाडीने प्रवास केला होता काय, स्थानकापर्यंत कसे जात, तिकिटास किती पैसे पडत, वारीच्या दिवसांत डब्यात काय स्थिती असे, हे विचारून उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. सांगणाऱ्याचे वय व नोंदीची तारीख अवश्य लिहावी.

(आ) निवृत्त रेल्वे कामगार आढळल्यास त्यांस शाळेत सन्मानाने बोलवावे. अवजारांची व कामांची त्यांच्या तोंडची नावे टिपून घ्यावीत. हे शब्द कोशात सहसा सापडत नाहीत.

(इ) भूगोलाच्या तासाला मिरज ते कुर्डुवाडी मार्गाचा नकाशा काढून स्थानके व मार्ग पोहोचल्याची वर्षे दाखवावीत. गणितात अरुंद व रुंद मापांची तुलना करावी.

(ई) जुनी तिकिटे, छायाचित्रे, कंदील इत्यादी वस्तू मालकाकडेच राहू द्याव्यात. शाळेने त्यांचे चित्र व वर्णन ठेवावे. विद्यार्थ्यांना रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत नेऊ नये.

या नोंदींची एक वही शाळेच्या दप्तरात कायम ठेवावी आणि दरवर्षी नव्या वर्गाने तीत भर घालावी. मुलाखतींचे काम मात्र याच वर्षी हाती घ्यावे. नकाशा पुढील वर्षीही काढता येईल. ऐंशी वर्षांच्या फायरमनची साक्ष तोपर्यंत थांबेलच असे नाही.