शर्यतीची मोटार परवडेल का?

बैलगाडी शर्यतीचा ज्याला नाद आहे त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. खोंड विकत घेणं एकवेळ जमतं. त्याला वर्षभर खुराक घालताना घरची माणसं कुरकुरू लागतात. मोटारींच्या शर्यतीचंही तसंच आहे. मध्यंतरी कोल्हापूरकडचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. गॅरेजच्या कामात हात बसलेला मुलगा. त्याने एका माणसाची, उघड्या चाकांची शर्यतीची मोटार पाहून ठेवली होती आणि वडील उसाच्या बिलातून पैसे द्यायला राजी होते. "गाडी स्वस्त आहे, सर," असं तो पुन्हापुन्हा सांगे. मी विचारलं, "गाडी स्वस्त आहे, की तिचा वर्ग स्वस्त आहे?"

वर्ग म्हणजे नियमांचा संच. इंजिन केवढं, टायर कोणते, वजन कमीत कमी किती, हे तो ठरवतो. त्यालाच 'फॉर्म्युला' म्हणतात. 'फॉर्म्युला वन' आपण दुरूनच पाहावा. पण हौशी लोकांसाठी काढलेले वर्गही आहेत, आणि त्यांचा इतिहास मोठा बोधक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात पेट्रोलसुद्धा मोजून मिळत होतं. अशा दिवसांत काही हौशी मंडळींनी ५०० सीसीच्या मोटारसायकलचं इंजिन बसवून छोट्या गाड्या करायला सुरुवात केली. कूपर पितापुत्रांनी १९४६ साली फियाटच्या लहान मोटारीचे दोन पुढचे भाग एकमेकांना जोडून सांगाडा केला, इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवलं आणि चाकांना साखळीने गती दिली. पुढे नावाजलेला स्टर्लिंग मॉस १९४८ साली अशाच कूपर गाडीतून शर्यतीत उतरला. १९५० साली या वर्गाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि इथेच घोटाळा झाला. नॉर्टनचं इंजिन सरस ठरलं. पण कारखाना नुसतं इंजिन विकेना. मग लोक अख्खी मोटारसायकल घेत, इंजिन काढत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत! गरिबांचा म्हणून निघालेला वर्ग असा हळूहळू त्यांच्या हातून गेला. चूक इंजिनाची नव्हे. जास्त पैसा ओतला की जास्त वेग मिळावा, अशी फट नियमांत राहिली होती.

ती फट बुजवण्याचा चांगला प्रयत्न १९६७ साली झाला. २ जुलैला ब्रँड्स हॅच येथे 'फॉर्म्युला फोर्ड'ची पहिली शर्यत झाली. कॉर्टिना जीटी या रस्त्यावरच्या मोटारीचं इंजिन, साधे टायर, आणि गाडीची किंमत हजार पौंडांच्या आत. हवेचा दाब वाढवणारे पंख लावायला मनाई. ब्राझीलचा एमर्सन फिट्टिपाल्डी १९६९ साली इंग्लंडात येऊन याच वर्गात धावला आणि १९७२ साली जगज्जेता झाला. अमेरिकेत फोक्सवॅगनच्या 'बीटल' मोटारीचे भाग वापरून 'फॉर्म्युला व्ही' निघाला, तोही याच विचारातून.

आपल्याकडे हे काम कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी केलं. त्यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन 'फॉर्म्युला मारुती' गाड्या बनवल्या. आपला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला त्यांतच धावला. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइंबतूरजवळचा २००३ सालचा शर्यतमार्ग त्यांच्याच नावाचा आहे. पुढे मारुतीच्याच १३०० सीसी इंजिनाचे वर्ग आले.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की गाडी पाहण्याआधी चार प्रश्न विचार. गेल्या हंगामात या वर्गाच्या किती गाड्या सुरुवातीच्या रेषेवर उभ्या होत्या? एका शर्यतीला टायर किती वापरू देतात? इंजिन मोहोरबंद असतं, की ज्याला वाटेल त्याने उघडून त्यावर पैसा ओतावा? आणि गाडी आपटली तर सुटे भाग कुठे मिळतात? शिवाय कोल्हापूरहून कोइंबतूर जवळजवळ हजार किलोमीटर. गाडी तिथवर टेम्पोतून न्यायची, म्हणजे भाडं, डिझेल, मुक्काम आणि बरोबरच्या मदतनीसाचं जेवण. हे आकडे कोणी जाहिरातीत छापत नाही.

पंधरा दिवसांनी तो परत आला. पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळालं होतं: त्या गाडीच्या वर्गाच्या शर्यती बंद पडून बरीच वर्षं झाली होती. म्हणूनच ती स्वस्त होती. आता तो एखाद्या संघाची गाडी एका शर्यतीपुरती भाड्याने मिळते का, याची चौकशी करतो आहे. उसाचं बिल अजून वडिलांच्याच खात्यात आहे.