पिवळा दिवा आणि आपली सायकल

"सिस्टर, दिवा पिवळाच होता हो." अपघात विभागात रात्रपाळी करताना हे वाक्य आम्ही कितीतरी वेळा ऐकले. सांगणारा खोटे बोलत नसे. तो चौकात शिरला तेव्हा दिवा पिवळाच असे. धडक बसली तेव्हा मात्र आडव्या रस्त्याला हिरवा मिळालेला असे.

असे का होते? साधे गणित आहे. पिवळा दिवा ३ सेकंद राहतो असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात ३३ मीटर जाते. ताशी १२ किलोमीटरने चालणारी आपली सायकल जेमतेम १० मीटर जाते. चौक २५ मीटरांचा असेल, तर तो ओलांडायला साडेसात सेकंद लागतात. पिवळा संपतो तेव्हा आपण अर्ध्यावरही नसतो. त्यात आडवे थांबलेले मोटारसायकलवाले हिरव्याच्या आधीच सुटतात.

नियमही हेच सांगतो : पिवळा म्हणजे थांबा. थांबण्याच्या पांढऱ्या पट्ट्याच्या अगदी जवळ आलो आणि एकदम थांबणे धोक्याचे असेल, तरच पुढे जावे.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात सायकलवाल्याला लाल दिव्यावरही जाता येते, असे काही जण सांगतात. खरे आहे, पण आधी पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असल्याची खात्री करूनच. आपल्याकडे तशी मुभा नाही.

घाई का होते, हे आम्हाला कळते. पेपर टाकणारी मुले, वॉचमन, बांधकामावर जाणारे बंधू, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी; हजेरीला उशीर झाला की पैसे कापले जातात. पण सिग्नलला जातो तो एक-दोन मिनिटांचा वेळ. मांडीचे हाड मोडले, तर ते जुळायला तीन-चार महिने जातात आणि रोजंदारीला पगारी रजा नसते.

म्हणून एवढे करा. सिग्नलवर उलटे आकडे दिसत असतील, तर दहाच्या खाली आल्यावर वेग कमी करा. दोन्ही ब्रेक एकत्र दाबा. एकटा पुढचा दाबला तर तोल जातो. पावसात किंवा मागे ओझे असताना आणखी आधी दाबा. ट्रकच्या डाव्या बाजूला चिकटून थांबू नका. तिथे आपण चालकाला दिसत नाही. चौक फारच मोठा असेल, तर उतरून पादचाऱ्यांबरोबर सायकल हातात धरून ओलांडा.

मात्र सगळा भार सायकलवाल्यावरच का? पिवळ्यानंतर काही सेकंद चारही बाजू लाल ठेवल्या, तर मध्ये अडकलेला माणूस सुखरूप पार होतो. आपल्या चौकात तसे होते का, हे एखाद्या सकाळी घड्याळ लावून मोजा. होत नसेल, तर मोजलेले सेकंद लिहून वस्तीच्या सह्यांसह महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.