ईडीवरची इंजेक्शनं: कोणतं काय करतं?

परवा आमच्या उलव्याच्या सोसायटीतल्या मित्राने व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकला: ‘एकाच इंजेक्शनमध्ये लिंग ताठ न होण्यावर कायमचा इलाज’. खाली प्रश्न, ‘तू टेकवाला ना, खरं आहे का रे?’

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आणि ‘कायमचा’ तर साफ खोटं. इंजेक्शनं खरी असतात, पण परिणाम त्या वेळेपुरताच.

व्हायग्रासारखी गोळी मेंदूकडून नसांमार्फत आलेला सिग्नल वाढवते. प्रोस्टेटच्या ऑपरेशनने किंवा जुन्या डायबेटिसने नसाच खराब झाल्या, तर गोळी वाढवणार काय? इंजेक्शन सिग्नलसाठी थांबत नाही. बारीक सुईने लिंगाच्या बाजूला टोचतात, आतले स्नायू सैल होतात, रक्त भरतं.

सगळ्यात जुनं पापाव्हेरीन. १९८२ मध्ये पॅरिसच्या रोनाल्ड विराग यांनी त्याचा हा उपयोग मांडला. पुढच्याच वर्षी लास व्हेगासच्या परिषदेत जाईल्स ब्रिंडली यांनी स्वतःला इंजेक्शन टोचून, भर सभेत पँट उतरवून परिणाम दाखवला. (माझा तर साध्या डेमोत प्रोजेक्टर बंद पडला तरी घाम फुटतो!) पापाव्हेरीन स्वस्त आहे, पण ताठरपणा उतरतच नाही किंवा आत गाठी होतात, हा धोका त्यात जास्त.

अल्प्रोस्टाडिलला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. ते त्या मानाने सुरक्षित, पण दुखतं. चाचण्यांत साधारण तीनातल्या एकाला कधी ना कधी दुखलं. ट्रायमिक्समध्ये ही दोन आणि फेन्टोलामीन, प्रत्येक थोडं थोडं. त्यामुळे दुखणं कमी. मात्र ते तयार पॅकमध्ये येत नाही, मिसळून बनवावं लागतं आणि थंड ठेवावं लागतं. कुरिअरने आलेल्या बाटलीत नक्की काय आहे, हे कोणत्याच ॲपवर कळत नाही.

पहिला डोस डॉक्टरांसमोरच घ्यायचा. चार तासांनंतरही ताठरपणा उतरला नाही, तर लाज बाजूला ठेवून थेट कॅज्युअल्टी गाठायची. उशीर झाला तर आतल्या पेशी मरतात. सिकलसेल असलेल्यांना हा धोका मोठा. विदर्भ, नंदुरबारकडच्या मित्रांनो, डॉक्टरांना हे आधीच सांगा.

मित्र शेवटी यूरोलॉजिस्टकडे गेला. त्यांनी इंजेक्शनचं नावही काढलं नाही. आधी शुगर तपासायला सांगितली. रिपोर्ट उद्या येतोय.