बाणाच्या शेपटातला दिवा

विषय वाचून "शिकार? आपल्याकडे?" असं विचारू नका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि ते बरंच आहे. ही गोष्ट अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली. माझा मावसभाऊ तिथे नोकरीला आहे आणि त्याच्या ऑफिसातला एकजण दर वर्षी परवाना काढून क्रॉसबोने हरणाच्या शिकारीला जातो. मागच्या दिवाळीत दादा आला तेव्हा त्याने मला त्या माणसाचा एक वापरलेला 'लायटेड नॉक' आणून दिला. बोटाच्या पेराएवढी वस्तू! होस्टेलवर लाइट गेले असताना मी ती पेटवली, तर रूम पार्टनर म्हणतो, "हा काय, चार्जरचा दिवा का?" म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटवाला, शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी.)

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी ओढून अडकवायची, बाण खोबणीत ठेवायचा आणि घोडा दाबायचा. बाणाच्या मागच्या टोकाला जी टोपी असते, जिच्यावर दोरीचा धक्का बसतो, तो नॉक. त्यात एलईडी आणि ३ व्होल्टचा काडीसारखा लिथियम सेल बसवला की झाला लायटेड नॉक. बाण सुटताना दोरीच्या धक्क्याने नॉक किंवा त्याच्या आतला दट्ट्या किंचित पुढे सरकतो आणि सर्किट पूर्ण होतं. बस्स, एवढंच!

पण हा दिवा हवाच कशाला? ओहायोत हरणाच्या शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते, आणि हरणं हिंडतात ती नेमकी तिन्हीसांजेला. सेकंदाला ३५० फूट वेगाने जाणारा बाण त्या उजेडात डोळ्याला दिसतच नाही. बाण बहुतेक वेळा हरणाच्या आरपार जाऊन पाचोळ्यात पडतो. दिवा असेल तर तो कुठे लागला ती प्रकाशाची रेघ दिसते, आणि नंतर बाण सापडतो. सापडलेला बाण वाचायचा असतो. गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुफ्फुसाला लागलाय, हरीण जवळच पडलेलं असणार. हिरवट घाण आणि वास असेल तर आतड्याला लागलाय. अशा वेळी लगेच मागे धावायचं नाही, कित्येक तास थांबायचं. नाहीतर जखमी जनावर उठून लांब पळतं, तडफडत मरतं आणि कुणालाच सापडत नाही. दादाच्या मित्राने दिवा घेतला तो एवढ्यासाठी. नेम त्याने सुधारत नाही.

आता निवड. दुकानात सगळे आधी रंग बघतात, आणि तिथेच चुकतात. आधी बघायचा तो आकार. चंद्रकोरीसारख्या खाचेचा 'मून', सपाट पाठीचा 'फ्लॅट', दोरीला चिमटा घेणारा 'कॅप्चर' असे प्रकार असतात. एक्सकॅलिबर कंपनी फ्लॅट सांगते, टेनपॉइंट आणि रॅव्हिन यांचे तर स्वतःचे वेगळेच नॉक आहेत. आपल्या क्रॉसबोच्या पुस्तिकेत जो लिहिलाय तोच घ्यायचा, "चालतंय की" इथे चालत नाही. कारण ४०० ग्रेनच्या (सुमारे २६ ग्रॅम) बाणाला ३५० फूट वेग द्यायचा म्हणजे १४७ ज्यूल ऊर्जा लागते. मेकॅनिक्सवाल्यांनी करून बघावं. चुकीच्या नॉकवरून दोरी वर-खाली सटकली तर ही ऊर्जा बाणाकडे न जाता धनुष्याच्या हातांत आणि दोरीत शिरते. याला ड्राय फायर म्हणतात. हात तुटू शकतात, धनुष्याचे आणि कधी माणसाचेही.

मून नॉक असेल तर त्याची खाच वेगळ्या रंगाच्या पिसाशी जुळली पाहिजे, कारण ते पीस खोबणीत बसतं. सेल बदलताना नॉक फिरतो, म्हणून दर वेळी बघायचं. बाणाच्या नळीचा आतला व्यासही जुळायला हवा, तिथे इंचाच्या हजाराव्या भागांचे फरक असतात. सैल नॉकला टेप गुंडाळायचा आपला होस्टेलचा जुगाड करू नये.

मग वजन. समजा लायटेड नॉक साध्यापेक्षा १५ ग्रेन जड आहे. २० इंची, ४०० ग्रेनच्या बाणाचा गुरुत्वमध्य मधल्या बिंदूच्या पुढे २.४ इंच, म्हणजे लांबीच्या १२ टक्के आहे. शेपटाला १५ ग्रेन वाढवले की तो १० टक्क्यांच्या खाली येतो. वेग कमी झाल्यामुळे ३० यार्डांवर बाण जेमतेम सेंटीमीटरभर जास्त खाली जातो, ते सोडून द्या. पण डोकं हलकं झालेला बाण तितका स्थिर जात नाही. उपाय सोपा आहे: सरावाचे बाणही तेवढ्याच वजनाचे ठेवायचे आणि त्यांच्यावरच दुर्बीण जुळवायची.

रंग सगळ्यात शेवटी. ओहायोत त्या दिवसांत जमिनीवर लाल-तांबडी पानं असतात, म्हणून मला हिरवा बरा वाटतो, शिवाय अंधुक उजेडात डोळ्याला हिरवा जास्त जाणवतो. युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांनी संध्याकाळी दोन्ही पेटवून बघावेत.

दादाचा मित्र मोसमाआधी प्रत्येक नॉक पेटवून बघतो, कारण थंडीत सेल मंदावतो. सराव झाला की विझवायचं मात्र तो विसरतो. माझ्याकडे आलेला नॉक असाच रात्रभर जळून अर्धा संपलेला होता.

जाता जाता, साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तिच्या बाणांनाही नॉक असतातच. पण स्पर्धेत दिवेवाले चालत नाहीत, वर्ल्ड आर्चरीच्या नियमात तशी स्पष्ट मनाई आहे. माझा नॉक बघायचा असेल तर रात्री जेवणानंतर रूमवर या, सेल अजून थोडा शिल्लक आहे.