अवरक्त उष्णतेने चिप उतरविण्याची विद्या

लॅपटॉप बंद पडला की दुकानदार पुष्कळदा एकच वाक्य ऐकवतो, "बोर्ड गेला, नवा घ्या." वास्तविक सबंध बोर्ड क्वचितच जातो. त्यावरील शेकडो भागांपैकी एखादी चिप बिघडलेली असते, किंवा तिचे टाके निखळलेले असतात. ती एक चिप सुखरूप उतरवून दुसरी बसविता आली, तर यंत्र वाचते आणि गरीब विद्यार्थ्याचे काही हजार रुपयेही वाचतात. हे काम ज्या साधनाने करतात त्यास इन्फ्रारेड रीवर्क स्टेशन म्हणतात. त्याची रीत आपण येथे समजून घेऊ.

पूर्वीच्या चिपांना कडेने पाय असत. कारागीर डाखणीने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने, एकेक पाय सोडवू शकत असे. हल्लीच्या मोठ्या चिपांचे टाके पोटाखाली असतात. तेथे सोल्डरच्या बारीक गोळ्या ओळीने मांडलेल्या असून त्यांची संख्या शेकड्यांत, कधी हजाराच्या वर असते. अशा रचनेस बी.जी.ए. म्हणतात. डाखणीचे टोक तेथे पोचत नाही. सर्व गोळ्या एकाच वेळी वितळल्या तरच चिप सुटते. चार गोळ्या घट्ट असताना ती ओढली, तर बोर्डावरील तांब्याच्या टिकल्या उखडून येतात, आणि मग मात्र बोर्ड खरोखरच जातो.

ही उष्णता सर्वत्र सारखी पोचविण्यासाठी अवरक्त किरणांचा उपयोग करतात. सन 1800 मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. तेच हे किरण. निखाऱ्यापासून हातभर दूर बसूनही आपणांस जी धग लागते ती मुख्यतः त्यांचीच. गरम हवेच्या यंत्रात झोताने शेजारचे मोहरीएवढे भाग उडण्याची भीती असते. येथे वारा नसल्याने ती भीती नाही.

यंत्राचे तीन भाग ध्यानात ठेवावेत. खाली रुंद तापक असतो व तो सबंध बोर्ड तापवतो. वर लहान तापक असतो, त्याचा रोख फक्त चिपवर. तिसरा भाग थर्मोकपल, म्हणजे तापमान सांगणारी बारीक तार. तिचे टोक चिपच्या अगदी कडेला टेकवितात. खालचा तापक न लावता केवळ वरून आच दिली, तर बोर्डाचा एक भाग फुगतो, बाकीचा थंड राहतो, आणि बोर्ड वाकतो. भाकरीस तव्याची आच सर्वत्र सारखी लागावी लागते, तसेच हे आहे.

आता सोल्डरविषयी. जुने सोल्डर 63 भाग कथील व 37 भाग शिसे यांचे असून 183 अंश सेल्सिअसला वितळते. शिसे विषारी असल्यामुळे युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून बहुतेक विद्युत्-उपकरणांत त्याच्या वापरावर बंधन घातले, आणि जगभरच्या कारखान्यांनी कथील, चांदी व तांबे यांचे मिश्रण स्वीकारले. ते सुमारे 217 अंशांना वितळू लागते. चिपच्या अंगी मात्र सामान्यतः 245 ते 260 अंशांपर्यंतच उष्णता सोसण्याची शक्ती असते. कारागिराचे सारे कौशल्य या अरुंद पट्टीत आहे.

पूर्वतयारीत घाई करू नये. प्रथम बॅटरी काढावी. चिप हवेतील ओल शोषून घेते. एकदम तापविल्यास त्या ओलीची वाफ होऊन चिप आतून फुटते, जशी मक्याची लाही फुटते. म्हणून बोर्ड आधी मंद उष्णतेत काही तास सुकवितात. शेजारच्या भागांवर, विशेषतः प्लास्टिकच्या जोडण्यांवर, अॅल्युमिनियमची पन्नी लावावी, कारण चकचकीत पृष्ठभाग हे किरण परतवितो. नंतर चिपच्या कडेने फ्लक्स सोडावा. कल्हईवाला भांड्यावर नवसागर फिरवितो तो ज्यासाठी, त्यासाठीच हा फ्लक्स. तो धातूवरील गंज हटवितो.

मग खालच्या तापकाने बोर्ड हळूहळू 150 अंशांच्या आसपास आणावा. दर सेकंदास एक ते तीन अंश, यापेक्षा वेगाने नव्हे. त्यानंतर वरचा तापक सुरू करावा. पारा 235 अंशांच्या सुमारास आला, की चिमट्याने चिपला कडेने किंचित स्पर्श करावा. ती हलून आपोआप जागेवर परतली, तर सर्व गोळ्या वितळल्या असे समजावे. मगच चोषकाने ती सरळ वर उचलावी. चिप तरफेने उचकटण्याचा मोह कधीही धरू नये. नंतर तापक बंद करून बोर्ड जागच्या जागी निवू द्यावा. फुंकर घालू नये, पंखाही लावू नये.

उरलेले सोल्डर तांब्याच्या विणलेल्या फितीने टिपून घेतात व टिकल्या स्वच्छ करतात. जुनीच चिप परत बसवावयाची असेल, तर जाळीच्या साहाय्याने तिच्या पोटावर नव्या गोळ्या बसवाव्या लागतात. काम चालू असता खोलीत हवा खेळती असावी, आणि शिशाच्या सोल्डरला हात लागला असल्यास जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

येथे ग्राहकाच्या हिताची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. काही ठिकाणी चिप न उतरविताच ती नुसती तापवितात. यंत्र सुरू होते, पैसे घेतले जातात, आणि थोड्याच आठवड्यांत यंत्र पुन्हा बंद पडते. जुलै 2008 मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या काही लॅपटॉप-चिपांच्या बांधणीतील साहित्य कमजोर असल्याचे जाहीर करून त्यापायी 15 ते 20 कोटी डॉलरांची तरतूद केली. असा दोष चिपच्या आत असतो, पोटाखालच्या गोळ्यांत नव्हे. बाहेरून तापविल्याने तो तात्पुरता दबतो, बरा होत नाही. म्हणून दुरुस्तीस यंत्र देताना स्पष्ट विचारावे: चिप नुसती तापविणार, तिच्या गोळ्या बदलणार, की चिपच नवी घालणार? प्रामाणिक कारागीर या प्रश्नाने रागावणार नाही.

सन 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन विद्युत्-कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेला तो चतुर्थांशाहूनही कमी. दुरुस्त झालेले प्रत्येक यंत्र त्या ढिगातून तेवढे दूर राहते. या विद्येस मोठे भांडवल लागत नाही. संयम, स्वच्छ हात आणि तापमापकावर ठेवलेली नजर मात्र लागते. आपल्या तरुणांनी रद्दी बोर्डांवर सराव करून ती अवश्य हस्तगत करावी.